संशय हा पुरावा नव्हे

साकीनाका हा मुंबईच्या उपनगरांतील कष्टकऱ्यांचा परिसर आहे. अंधेरी-कुर्ला मार्ग, खैरानी रोड आणि त्यांना मिळणाऱ्या अरुंद गल्ल्यांतील गाळ्यांमध्ये शिवणकाम चालते, प्लॅस्टिकच्या वस्तू घडतात, भंगाराची वर्गवारी होते. या गाळ्यांत राबणारी माणसे उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमधून आली आहेत, तशीच ती मराठवाड्यातून आणि सोलापूरकडूनही आली आहेत. अशा वस्तीत बेकायदा शिरलेले बांगलादेशी किती, हा प्रश्न गेली तीन दशके निवडणुकीच्या सभांपासून विधिमंडळापर्यंत विचारला जात आहे. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याच्या एका चित्रपट अभिनेत्यावर त्याच्या घरात चाकूहल्ला झाला. पकडलेला संशयित बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी जाहीर केले आणि या प्रश्नाला नव्याने धार चढली. त्यानंतर शोधमोहिमा वाढल्या. बेकायदा आलेल्या परकीयांना शोधून परत पाठविण्याच्या सरकारच्या उद्दिष्टाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो हे काम कोणत्या रीतीने करावे, याबद्दल. आणि तो केवळ तांत्रिक वाद नाही.

आपल्या सीमेत कोणी यावे आणि कोणी राहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही सार्वभौम राष्ट्राला असतो. भारतात वास्तव्य करण्याचा व स्थायिक होण्याचा घटनेतील मूलभूत हक्क फक्त नागरिकांचा आहे. परकीयाला तो नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली लुई डी रेड्ट यांच्या प्रकरणात नि:संदिग्धपणे सांगितले. बेकायदा स्थलांतराकडे केवळ करुणेच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्या माणसाजवळ कागद नाहीत, तो कमी मजुरीत राबतो, तक्रार करू शकत नाही आणि त्याच्यामुळे शेजारच्या भारतीय मजुराचाही दर खाली येतो. शिवाय खोटे दाखले तयार करून देणारा धंदा एकदा रुजला की तो परकीयांपुरता राहत नाही. साऱ्या शासनव्यवस्थेलाच त्याची कीड लागते. तेव्हा ‘गरीब माणसे आहेत, राहू द्या’ हे उत्तर पुरेसे नाही.

परंतु याच घटनेने आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. कायद्यापुढील समानतेचे चौदावे कलम आणि जीवित व स्वातंत्र्य यांचे रक्षण करणारे एकविसावे कलम ही दोन्ही ‘नागरिकां’पुरती मर्यादित नाहीत; ती ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. परकीयाला बाहेर घालविता येते, पण ते कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीनेच, असा या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ आहे. शिवाय समोरचा माणूस परकीय आहे हेच जेथे अद्याप ठरलेले नाही, तेथे या पद्धतीला अधिकच महत्त्व येते.

अडचणीचे मूळ नेमके येथे आहे. फौजदारी कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने मात्र, त्याच्या नवव्या कलमान्वये, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावर टाकला. हा कायदा स्वातंत्र्यापूर्वी परक्या राजवटीने केलेला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून तो व त्याच्यासारखे इतर जुने कायदे रद्द होऊन २०२५ चा नवा ‘आप्रवासन आणि परकीय नागरिक कायदा’ लागू झाला. बनावट पारपत्र वापरणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड अशी कडक शिक्षा त्यात आली. परंतु पुराव्याचा भार संशयितावर टाकणारे तत्त्व जसेच्या तसे राहिले.

या तत्त्वालाही काही आधार आहे. आपण कोठे जन्मलो आणि आपले आईबाप कोण, हे ज्याचे त्यालाच अधिक ठाऊक असते, असा तो युक्तिवाद. आसामपुरता भार सरकारवर टाकणारा १९८३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर घटनाबाह्य ठरविला, तेव्हा हाच युक्तिवाद मान्य झाला. तथापि जुलै २०२४ मध्ये रहीम अली प्रकरणात त्याच न्यायालयाने या तत्त्वाची मर्यादाही स्पष्ट केली. एखाद्या माणसाला परकीय म्हणण्यासाठी अधिकाऱ्याजवळ आधी काही ठोस आधार हवा आणि तो आधार त्या माणसाला कळविला गेला पाहिजे. कोणाचेही दार ठोठावून ‘तू परकीय नाहीस हे दाखव’ असे म्हणता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. मुंबईतील प्रत्येक पोलीस ठाण्यात तो वाचला गेला पाहिजे.

कारण दाखवायचे तरी काय, हा प्रश्न भल्याभल्यांना अडचणीत टाकणारा आहे. केवळ आधारपत्र, पॅन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र यांनी कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते चूक नाही. नागरिकत्व १९५५ च्या कायद्याने ठरते. १ जुलै १९८७ पूर्वी येथे जन्मलेल्यास केवळ जन्म पुरेसा आहे. त्यानंतर जन्मलेल्यास आई किंवा बाप भारतीय असल्याचे दाखवावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यास आईबापांपैकी एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही हेही दाखवावे लागते. म्हणजे आज विशीतल्या मजुराला स्वत:च्याच नव्हे, तर आईबापांच्याही जन्माचा पुरावा द्यावा लागणार.

हा पुरावा किती मराठी घरांतून निघेल? घरीच बाळंतपण झालेल्या आजीच्या जन्माची नोंद गावच्या दप्तरात सापडेल, याची खात्री कोण देईल? बीडहून दर हंगामात कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या ऊसतोड मजुरांची गोष्ट घ्या. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांची गोष्ट तर त्याहून बिकट आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या पूर्वजांना जन्मजात गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्यांना त्या कलंकातून कायद्याने मुक्त केले, त्या समाजातील कितीतरी कुटुंबांजवळ आजही ना जमिनीचा उतारा आहे, ना जन्माचा दाखला. अशा कुटुंबाला साकीनाक्याच्या पदपथावर हटकले, तर ते नागरिक असल्याचे सिद्ध करू शकेल काय? ते मराठी बोलते म्हणून वाचेल, हे खरे. परंतु याचा अर्थ असा, की प्रत्यक्षात कागद तपासला जात नाही. भाषा, नाव आणि धर्म तपासला जातो. मग ज्याची भाषा बंगाली आणि नाव मुसलमानी, तो मुर्शिदाबादचा असला तरी संशयित ठरणे ओघानेच येते.

ही केवळ शंका नाही. जुलै १९९८ मध्ये महाराष्ट्रातील युती सरकारच्या काळात बांगलादेशी ठरविलेल्या बंगाली भाषकांना मुंबई पोलीस कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेत असता, उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांची सुटका केली. यातील अनेक जण आपल्या राज्याचे, भारतीय नागरिक असल्याचा पश्चिम बंगाल सरकारचा दावा होता. जमावाने पोलिसांच्या ताब्यातील माणसे सोडविणे हे निषेधार्हच; पण दोन राज्य सरकारांत नागरिकत्वावरून असा उघड तंटा व्हावा, यातच चौकशी किती उथळ झाली होती ते दिसते. सत्तावीस वर्षांनंतरही धडा शिकला गेला नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि तेथील पोलिसांनी त्यांची ओळख पटविल्यावर त्यांना परत आणावे लागले. शहानिशा आधी आणि हद्दपारी नंतर, हा साधा क्रम उलटा झाला. भारतीय नागरिकाला त्याच्याच देशातून बाहेर घालविणे ही किरकोळ प्रशासकीय चूक मानता येणार नाही.

संशयाचे वर्तुळ कसे वाढत जाते, हे खुद्द साकीनाक्याने पाहिले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये खैरानी रोडवर एका स्त्रीवर अमानुष अत्याचार झाला आणि त्यात तिचा बळी गेला. आरोपी उत्तर प्रदेशचा होता. जून २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. परंतु गुन्ह्यानंतर लगेच, परराज्यांतून येणाऱ्यांची नोंद ठेवा, ते कोठून येतात आणि कोठे जातात याची माहिती घ्या, अशी सूचना तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पोलिसांना दिली होती. ज्या नागरिकांना घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने देशभर संचाराचा आणि कोठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे, त्यांच्यावरच पहारा बसविण्याची ही कल्पना. संतापाच्या भरात परदेशी आणि परप्रांतीय यांतील सीमारेषा किती लवकर पुसली जाते, याचे हे उदाहरण. १९६० च्या दशकात या शहरात रोष दाक्षिणात्यांवर होता, पुढे तो उत्तर भारतीयांकडे वळला. ‘परका’ कोण हे त्या त्या वेळच्या हवेवर ठरू लागले, तर आज सुरक्षित असलेला उद्याही तसाच राहील याची शाश्वती नसते.

दुसरीकडे, या माणसांच्या श्रमावर ज्यांचा नफा उभा आहे, त्यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये खैरानी रोडवरच्या फरसाणाच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि १२ कामगार मरण पावले. तेथेच काम, तेथेच झोप, ही या भागातील शेकडो गाळ्यांची रीत. त्या गाळ्यांत कोण राहते, याची नोंद ठेवणे कोणाला जमले नाही? परराज्यांतून आणलेल्या मजुरांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९७९ पासून होता; तो आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. मजुराच्या हितासाठी केलेल्या त्या नोंदी प्रामाणिकपणे झाल्या असत्या, तर नागरिक कोण आणि परकीय कोण हे ओळखण्यासाठी रात्री-अपरात्री झोपड्यांवर छापे घालण्याची वेळ फारशी आली नसती. सीमेवर पैसे घेऊन माणूस आत सोडणारा दलाल, खोटा दाखला देणारा कारकून आणि निम्म्या मजुरीत राबवून घेणारा मालक हे तिघे मोकळे आणि हद्दपार होतो तो मजूर, हा न्याय नव्हे.

कायदा सर्वांना एकाच मापाने मोजतो काय, हाही प्रश्न टाळून चालणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत बांगलादेश, पाकिस्तान व अफगाणिस्तान या देशांतून आश्रयासाठी आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना पारपत्राच्या अटींतून सूट देणारा आदेश केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. छळामुळे पळून आलेल्याला आसरा देणे या देशाच्या परंपरेला साजेसेच आहे. परंतु आसऱ्याची कसोटी छळ ही असावी. धर्माची यादी नसावी. त्याच सीमेवरून, त्याच रात्री, कागदाविना आलेल्या दोघांपैकी एकाला दिलासा आणि दुसऱ्याला तुरुंग, आणि दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याचीही सोय नाही, ही स्थिती कायद्याच्या प्रतिष्ठेला बाधक आहे.

आणि आपल्या माणसांशी इतरांनी असेच वागले, तर आपणांस काय वाटते? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरविण्यात आले. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. प्रवासभर त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळदंड होते, हे कळल्यावर देशभर संताप उसळला. ती माणसे तेथे बेकायदा राहत होती, हे त्या वेळी कोणी नाकारले नाही. अमेरिकेला त्यांना परत पाठविण्याचा अधिकार नव्हता, असेही कोणी म्हटले नाही. आपला आक्षेप वागणुकीला होता, आणि तो योग्य होता. मग साकीनाक्यात पकडलेल्या माणसाबाबत हाच आक्षेप कोणी घेतला, तर त्याला देशद्रोही का ठरवावे?

उपाय अवघड नाहीत. संशयिताला त्याच्यावरील संशयाचे कारण लेखी द्यावे. तो ज्या गावाचे नाव सांगतो, तेथील तलाठी, ग्रामसेवक अथवा पोलीस ठाण्याकडून उत्तर येईपर्यंत त्याला शहराबाहेर हलवू नये. उत्तर वेळेवर आले नाही याचा दोष त्याच्या माथी मारू नये. नागरिकत्वाचा निर्णय पोलीस अधिकाऱ्याने नव्हे, तर बाजू ऐकून घेणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने करावा आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळावा. जो परकीय ठरेल, त्याला बांगलादेश सरकारकडून ओळख पटवून रीतसर त्या देशाच्या स्वाधीन करावे. रात्रीच्या अंधारात काटेरी कुंपणापलीकडे ढकलू नये. आणि प्रत्येक प्रकरणात दलाल, मालक आणि दाखला देणारा अधिकारी यांच्यावर खटला भरला गेला पाहिजे. या रीतीने हद्दपारीचे आकडे कदाचित कमी दिसतील, परंतु ते खरे असतील.

राष्ट्राच्या सीमांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु त्या सीमांच्या आत राहणाऱ्या नागरिकाला, तो कितीही गरीब असो आणि कोणतीही भाषा बोलो, आपण येथलेच आहोत ही खात्री देणे हेही त्याच शासनाचे कर्तव्य आहे. एक कर्तव्य पार पाडताना दुसऱ्याचा बळी देण्याचे कारण नाही. साकीनाक्याच्या गाळ्यातील मजुराला पोलिसाची चाहूल लागताच आपले कागद चाचपावे लागत असतील, तर ती लाज त्या मजुराची नाही, शासनाची आहे.