‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

२०१७च्या कर्जमाफीत यवतमाळसह राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले. पुढे अर्जांतली आणि बँकांकडची माहिती जुळेना. त्याची कारणं अनेक होती. पण जिथे दोन डेटाबेस, तिथे एक धोका कायम असतो. नोंद एकीकडे चढते, मधेच नेट जातं, दुसरीकडे ती पोहोचतच नाही. तपासायला बसलं की सगळं सुरळीत!

आयटीत शिरणाऱ्या दोस्तांनो, ‘क्वचितच होतं’ म्हणून ती चूक सोडू नका. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक द्या, दोन्हीकडची वेळ लॉगमध्ये ठेवा, रोज रात्री दोन्ही याद्या ताडून पाहा. तफावत दिसली तर अर्ज बाद न करता माणसाकडून तपासून घ्या. लाखात एक चूक आपल्याला क्षुल्लक वाटते. त्या एका घराचा मात्र अख्खा हंगाम जातो.