जिन्यावरचं मॅटिंग बेतताना

पहाटे सर्वांत आधी उठून अंधारात जिना उतरणारी घरात बहुधा आपणच असतो, नाही तर सासूबाई. लादीचा गुळगुळीत जिना, पाय जरासा ओला, की कंबर मोडायला तेवढं पुरतं. म्हणून पायऱ्यांवर रबरी नाही तर काथ्याचं मॅटिंग घालावं असं मनात येतं. जरूर घालावं. पण मैत्रिणींनो, ते बेतण्यातच घोटाळा होतो.

माझाही झाला होता. खालच्या पायरीचं माप घेतलं आणि त्याच मापाने तेराही तुकडे कापून टाकले. नीट बसले अवघे सहा! पायऱ्या दिसायला सारख्या. टेप लावली की कुठे अर्धा इंच कमी, कुठे जास्त. तेव्हा प्रत्येक पायरी वेगळी मोजा, तीही भिंतीशी, मध्ये आणि कठड्याशी. पायऱ्यांना खालून क्रमांक द्या नि तेच तुकड्यांच्या पाठीवर खडूने लिहा.

वळणाच्या तिकोनी पायऱ्या नुसत्या टेपने मोजायच्या भानगडीत पडू नका. ब्लाउजला करतो तसं पेपर कटिंग करा. जुनं वर्तमानपत्र पायरीवर पसरा, कडांवर नखाने घडी दाबा, कापा, परत ठेवून पाहा आणि त्यावर ‘वरची बाजू’ असं लिहा. मॅटिंग पाठीकडून कापायचं असतं. म्हणून आखताना कागद उलटा ठेवायचा, लिहिलेली बाजू खाली. हे विसरलात तर तुकडा उलट्या वळणाचा होतो आणि वाया जातो.

कात्री नको. लोखंडी पट्टी धरून कटर दोन-तीनदा ओढा. काथ्याच्या कापलेल्या कडांचे धागे सुटतात, त्यांना जाड कापडाचा गोट शिवून घ्या. पायरीच्या पुढच्या कडेबाहेर तुकडा लोंबता ठेवू नका. उतरताना पाय नेमका तिथेच पडतो. सुटं, सरकणारं मॅटिंग असण्यापेक्षा उघडी पायरी बरी!

चिकटवण्याआधी पायऱ्या धुऊन पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका. आणि एकदम सगळा जिना चिकटवाल तर वरची माणसं वरच अडकतील. आज एकाआड एक पायरी, उरलेल्या उद्या. मुलं तेवढे दोन दिवस पायऱ्या गाळत हौसेने चढतील. सासूबाईंची गादी मात्र तोवर खालीच घाला.