गाडी तुम्ही चालवता, पण 'थांबा' कोण म्हणतं?



"सर, नवरा-बायकोने एकत्र धंदा करावा का? आमचे स्वभाव अजिबात जुळत नाहीत." हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. स्वभाव जुळायची गरज नाही, पण 'थांबा' म्हणायचा हक्क दोघांनाही पाहिजे.

हे मी बीबीएच्या पुस्तकात शिकलो नाही. कोल्हापूर ते तिरुपूर, एका इको गाडीत, बायकोच्या शेजारी बसून शिकलो.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची खरेदी. आमचं दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं आणि होजिअरीचं. म्हटलं, या वेळी मधला व्यापारी नको, थेट तिरुपूरला जाऊ आणि आपल्याच गाडीतून माल आणू. मिसेसने वहीत हिशेब मांडला आणि म्हणाली, "अहो, रेल्वेने जाऊ आणि माल ट्रान्सपोर्टला टाकू. पेट्रोल, टोल, लॉज धरलं तर गाडी महाग पडतेय." मी ऐकलं नाही. (तिचा हिशेब बरोबर होता, हे परत आल्यावर कळलं.)

आता आमचे स्वभाव बघा. मी निघाल्यावर ठरवणारा, ती ठरवून निघणारी. वाटेत दावणगेरे लागलं, मी हायवे सोडून बेन्ने डोसा खायला गाडी आत घातली. तिने चित्रदुर्गच्या लॉजवाल्याला फोन करून 'तासभर उशीर होईल' असं कळवलं. मी एसी लावतो, ती काच उघडते. दुकानात हे चालून जातं, कारण बिनसलं की मी चहाच्या टपरीवर जातो आणि ती वर माळ्यावर स्टॉक लावायला जाते. गाडीत टपरीही नाही आणि माळाही नाही.

दुसऱ्या दिवशी तुमकूर सोडलं आणि तिरुपूरच्या एजंटचा फोन आला. स्पीकरवर. "बाराशे पीस उचला, रोख द्या, ब्याण्णवने देतो." आमचा नेहमीचा रेट एकशे एक. मी स्टिअरिंगवर हात ठेवूनच म्हणालो, "पक्कं समजा."

शेजारी एकदम शांतता. बेंगळुरूचं अख्खं ट्रॅफिक पार झालं, होसूर गेलं, कृष्णगिरी आलं. ती गप्पच. मला वाटलं, रेट आवडला असणार!

धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा घाट लागतो. सगळा उतार आणि पुढे-मागे ट्रक. तिथे ती बोलली. "अहो, सोनं माझं गहाण आहे. हो तुम्ही म्हणालात."

खरेदीसाठी आम्ही तिच्या दागिन्यांवर एक लाख वीस हजार उचलले होते. बाराशे पीस गुणिले ब्याण्णव म्हणजे एक लाख दहा हजार चारशे. एका फोनवर मी जवळपास सगळी रक्कम एकाच मालात अडकवली होती, आणि पैसा जिचा, ती माझ्यापासून दीड फुटावर बसली होती.

घाटात माझं लक्ष ब्रेकवर. मध्ये बोलता येईना. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण तिचं बोलणं न तोडता पूर्ण ऐकायची ती पहिलीच वेळ. तिने वही उघडली. मागच्या दिवाळीत कोणत्या साईजचे किती पीस उरले ते सगळं लिहिलेलं होतं. चोवीस आणि सव्वीस नंबर माळ्यावर पडून, चौतीस पहिल्याच आठवड्यात संपलेला. बाराशेच्या लॉटमध्ये साईज निवडायला मिळणार नव्हती. म्हणजे नऊ रुपये स्वस्ताच्या नादात मी डेड स्टॉक विकत घेत होतो.

त्या रात्री लॉजवर आम्ही एक नियम केला. दहा हजारांच्या वरच्या खरेदीला दोघांचा होकार. सकाळी एजंटला सॉरी म्हटलं, शब्द फिरवल्याबद्दल बोलणीही खाल्ली. मग तिने सांगितलेल्या साईजमध्ये पाचशे पीस एकशे एकने घेतले. पन्नास हजार पाचशे.

पण गोष्ट 'बायको बरोबर, नवरा चूक' एवढ्यावर संपत नाही. परत निघताना मी एका लहान युनिटमध्ये सहज घुसलो. ती एकटी असती तर आत गेलीच नसती. तिथे नाईटसूट मिळाले, साठ सेट, एकशे ऐंशीने. दहा हजार आठशे, म्हणजे नियमात बसणारे. ती म्हणाली, "घ्या, पण साईज मी निवडणार." धनत्रयोदशीच्या आधी सगळे संपले!

म्हणून सांगतो, उलटा स्वभाव हे तुमचं भांडवल आहे. दोघंही माझ्यासारखे असते तर दुकान मालाने भरलं असतं आणि गल्ला रिकामा राहिला असता. दोघंही तिच्यासारखे असते तर आम्ही कोल्हापूरच सोडलं नसतं.

आता तुमच्यासाठी तीन कामं.

एक, रक्कम ठरवा. पाच हजार असो की पन्नास, त्याच्या वर दोघांचा होकार. फोनवर कितीही चांगला रेट आला तरी "संध्याकाळी सांगतो" म्हणायची सवय लावा.

दोन, खाती वाटून घ्या. ज्याचं खातं, त्याचा शब्द. आमच्याकडे माल शोधणं माझं, साईज आणि स्टॉक तिचा.

तीन, कागदावर आणा. इथे बरेच जण चुकतात. दुकान एकट्याच्या नावावर, पण सोनं जोडीदाराचं. मग वहीत त्या पैशाची नोंद कुठे आहे? कर्ज म्हणून की भांडवल म्हणून? भागीदारी करणार असाल तर करारात वाटा स्पष्ट लिहा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा आणि तोटा समान वाटला जातो. तुमच्यासाठी काय योग्य ते सीएला विचारा, पण विचारा नक्की.

आणि एक विनंती. बॅचमध्ये ओळख करून देताना "मिसेस दुकानात मदत करते" असं म्हणू नका. ताईंनो, तुमचा धंदा असेल तर "मिस्टर मदत करतात" असंही नको. ज्याचा पैसा आणि झोप दोन्ही धंद्यात गुंतलंय, तो मदतनीस नसतो.

आमचे दागिने त्या वर्षी पाडव्यानंतर सुटले. एसी आणि काचेचं भांडण अजून चालू आहे. ते चालू दे, त्यात दहा हजार जात नाहीत.

आज रात्री दुकान बंद केल्यावर दोघं बसा आणि तो आकडा ठरवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!