बियांतील गुण आणि बियांचे भय

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सायंकाळी, इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा ह्या गावी एक विलक्षण युद्ध होते. सुभेदार मल्हारराव होळकर ह्यांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांच्या नावाने वसलेले हे गाव. गावचे ‘तुर्रा’ पथक आणि शेजारच्या रुणजीचे ‘कलंगी’ पथक समोरासमोर उभे राहून एकमेकांवर जळते हिंगोट फेकतात. हिंगोट म्हणजे आपले हिंगणबेट. लिंबाएवढे हे फळ कोरून वाळवितात, त्यात दारू ठासतात आणि ते सरळ जावे म्हणून त्यास बांबूची काडी बांधतात. शेवटी दोन्हीकडचे वीर परस्परांस आलिंगन देतात हे खरे. परंतु दरवर्षी कित्येकजण भाजतात, आणि २०१७ साली जखमी झालेला एक तरुण दगावला.

आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच कारणाने. हे झाड जखमा करणारे नव्हे, जखमा भरणारे म्हणून प्रसिद्ध! संस्कृतात त्यास इंगुदी म्हणतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दर्भाने तोंड चिरलेल्या पाडसास शकुंतला ह्याच इंगुदीचे तेल लावते. बीच्या मगजात तेल भरपूर, आणि गराला फेस येत असल्यामुळे खेड्यांत त्याने कपडेही धूत असत. एकच फळ; एकाच्या हाती औषध, दुसऱ्याच्या हाती अस्त्र.

वाचकहो, आपल्या घरातील बियांचेही असेच नाही काय? पोट दुखू लागले की आजीबाई चिमूटभर ओवा चावावयास देते. त्यात तथ्य आहे. ओव्यात थायमॉल नावाचे गुणकारी द्रव्य असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीची बी उगाळून घालतात आणि गाळ तळाशी बसतो. हेही खरेच. मात्र निवळलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. ते उकळलेच पाहिजे.

आता दुसरी बाजू. लेकरू तापाने फणफणले की मीठ, मोहरी व मिरच्या त्याच्यावरून ओवाळून विस्तवात टाकतात. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असे म्हणतात! दारावर लिंबू, मिरच्या आणि बिब्बा टांगतात. आपल्याही काही घरांत हे चालते. चौकटीवर क्रूस असतो आणि त्याच्याच खाली बिब्बा! ह्या माऊल्यांस हसावे असे आम्हांस वाटत नाही. लेकराविषयीची माया आणि हतबलता ह्यांतूनच हे जन्मले. पण ओवाळण्यात जी रात्र जाते ती परत येत नाही. तापावर सागरगोट्याचा कडू गर देण्याची रीत जुनी आहे. तरी ताप हिवतापाचा असेल तर रक्त तपासून योग्य औषध त्वरित मिळणे हाच प्राण वाचविण्याचा मार्ग होय.

शिवाय काही बिया स्वतःच घातक असतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. परटाची कपड्यावरील खूण न पुसणारी असे ती ह्याच तेलामुळे. लालचुटूक गुंज दिसावयास गोजिरी, पण चावून गिळली तर मुलाच्या जिवावर बेतते. धोत्र्याच्या व एरंडाच्या बियाही तशाच विषारी. अशा बिया मुलांच्या खेळण्यात कदापि नसाव्यात. मुलाने खाल्ल्याची शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा आणि खाल्लेल्या बियांपैकी एखादी उरली असल्यास सोबत न्यावी.

मग जुने सारे टाकून द्यावे काय? मुळीच नाही. ओव्याची बरणी फडताळात राहो. जे आपल्या गुणाने उपयोगी पडते ते परमेश्वराचे देणे समजून वापरावे. जे केवळ आपल्या भीतीवर जगते ते सोडून द्यावे. प्रभूनेही मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त दिला, पण तो विस्तवात टाकण्याचा नव्हे. मातीत पेरण्याचा, आणि ज्याच्या फांद्यांवर पाखरांनी आसरा घ्यावा अशा झाडाचा.