धसक्याची पावती

आमच्या म्हसवडला माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा गावात पाण्यानं माझं घर फुटलं म्हटल्यावर बँकेतले साहेब रजा देईनात. पण झालं खरं. शेजारच्या अण्णांच्या गच्चीवरची तडकलेली टाकी रात्री दोनला आमच्या स्वयंपाकघरावर कोसळली. तडा मी दिवाळीतच दाखवला होता. "बघू," म्हणाले होते.

पत्रे फुटले. आई तर हल्ली वाटी पडली तरी उठून बसते.

"पत्र्यांचे पैसे देतो की," अण्णा म्हणाले, "धसक्याची पावती आहे का?"

हसू नका अण्णा! साठवलेलं पाणी सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी, हे विलायतेत १८६८ सालीच ठरलं. पुढं १९८७ साली, आपलं घर जळताना पाहणाऱ्या अटियाबाईंना मनाच्या धक्क्याचीही भरपाई मागता येते, असं तिथल्या अपील कोर्टानं म्हटलं. आपल्याकडे याचा वेगळा लेखी कायदा नाही. कोर्टं बहुधा असेच निवाडे चाळतात. मग पत्र्याला भाव आणि आईच्या झोपेला का नाही? बी.कॉम.ला आम्ही यंत्रांचा घसारा काढला, माणसांचा कुणी शिकवलाच नाही.

अण्णांनी पत्रे बसवून दिले. आईची खाट मात्र अजून ओसरीवरच आहे.