खडकावर टिकेल ती काठी

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमहून मंगळूरचा समुद्र गाठायचा तर घाट उतरून सुमारे अडीचशे किलोमीटर जावे लागते. तरीही गळाचा नाद या शहराला जुनाच. मृत प्राणी जिवंत भासवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इथल्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर पकडला होता. कावेरीच्या खोऱ्यातला कुबडाचा महसीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. तेव्हा हौशी माणसाने मे महिन्यात काठी घेऊन मंगळूर नाहीतर मालवणकडे निघावे, हेच बरे.

पण नदीची काठी खडपात चालतेच असे नाही. दुकानात जी काठी हातात पिसासारखी हलकी वाटते तीच बहुधा घेतली जाते, आणि पहिल्याच सहलीत तिचे दोन तुकडे होतात. मासा तिला क्वचितच मोडतो. ती मोडते कातळावर आपटल्याने.

काठीचा खरा जीव तिच्या ब्लँकमध्ये, म्हणजे मूठ, रीळ आणि कड्या बसवण्याआधीच्या नुसत्या नळीत असतो. पूर्वी ती बांबूची असे. आपल्याकडचा बांबू 'कलकत्ता केन' या नावाने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीरही वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला आणि १९७०च्या दशकात कार्बन.

कार्बनचा तंतू काचेपेक्षा तिपटीहून जास्त ताठ आणि वजनाला हलका. त्यामुळे गळ लांब जातो, माशाचे टोचणे लगेच हाताला कळते. मात्र काचतंतू तुटण्यापूर्वी कार्बनच्या दुपटीहून अधिक ताणला जातो. काठीवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे छापलेले असतात. पुष्कळांना ते काठीच्या ताकदीचे वाटतात. ते आहेत तंतूच्या ताठपणाचे! आकडा चढला की नळीची भिंत पातळ करता येते, काठी हलकी होते आणि एखादा टवकाही तिला पुरतो. ओरखडा पडलेली अशी काठी त्या दिवशी मोडत नाही. महिन्याभराने तांबोशी कपारीत शिरू लागते, जोर लावावा लागतो, आणि नेमकी त्या जागी ती कडाडते.

म्हणून नवशिक्याने खडकासाठी काचतंतूची किंवा काच-कार्बन मिश्र काठी घ्यावी. दिवसभर धरून हात भरून येतो हे खरे, पण मुलांच्या हाती द्यायला तीच योग्य. सवय झालेल्याने २४ टनांच्या आसपासचा, जाड भिंतीचा कार्बन घ्यायला हरकत नाही. ४० टनांचा मोह कातळावर महाग पडतो.

घेताना ब्लँकवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू उसवला असेल तर कापूस अडकतो. कड्यांच्या चौकटी गंज न धरणाऱ्या पोलादाच्या असाव्यात. कार्बनला ॲल्युमिनियम थेट टेकले की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजते, म्हणून रिळाची बैठकही पाहून घ्यावी. जड मासा काठीने उचलून कातळावर घेऊ नये. काठी उभी झाली की सगळा भार बारीक शेंड्यावर येतो. त्यासाठी लांब दांड्याची जाळी बरोबर असावी.

एक गोष्ट मात्र काठीच्या किमतीपेक्षा मोठी आहे. कार्बनमधून वीज वाहते. कार्बनची काठी वरच्या विजेच्या तारेला टेकली तर धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागले, गडगडाट ऐकू आला, की मासा गळाला असला तरी तंगूस कापावा, काठी खाली ठेवावी आणि मुलांना घेऊन खडकावरून उतरावे. काचतंतूची काठी असली तरी त्या वेळी उघड्या कातळावर थांबू नये.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन काठी सावलीत वाळवावी. म्हैसूरच्या परतीच्या बसमध्ये ती नळकामातून उरलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपात, दोन्ही टोकांना फडके कोंबून ठेवली, तर कुणाची ट्रंक तिच्यावर पडली तरी चालते.