पुरूची संमती

महाभारतातील ययातीचे आख्यान वर्गात शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : पुरूने आपले तारुण्य स्वखुशीने दिले, मग ययातीचा अपराध कोणता? आम्ही आजवर भोगलालसेकडे बोट दाखवीत आलो. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे (१९५९) मराठी वाचकाला तेच उत्तर पटकन सुचते. अलीकडे मात्र आमचे लक्ष उरलेल्या चार भावांकडे जाते. त्यांनी नकार दिला आणि त्यांना शाप मिळाले. पुरूला राज्य मिळाले. मागणारा राजा आणि बाप असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणावे काय?

माणसाचे आयुर्मान, बुद्धी, शरीर तंत्रज्ञानाने हवे तसे वाढवावे, असे सांगणाऱ्या ट्रान्सह्यूमॅनिझमच्या चर्चेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ('अतिमानव' हा शब्द नीत्शे आणि अरविंद यांनी आधीच अडवून ठेवला आहे, म्हणून इंग्रजी संज्ञाच ठेवतो.) ही संज्ञा रूढ करणारा निबंध ज्यूलियन हक्सले यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. ते युनेस्कोचे पहिले महासंचालक होते, आणि पुढे ब्रिटनमधील सुप्रजननवादी संस्थेचे अध्यक्षही झाले. त्यांचा धाकटा भाऊ आल्डस याने १९३२ मध्येच 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये बाटलीत वाढवलेल्या, जन्मापूर्वीच पायरी ठरलेल्या माणसांचे राज्य रंगवले होते. एकाच घरात स्वप्न आणि दुःस्वप्न!

फ्रान्सिस फुकुयामा यांनी २००४ मध्ये या विचाराला जगातील सर्वांत धोकादायक कल्पनांत गणले. सर्वांचा मनुष्यस्वभाव समान, म्हणून हक्क समान. तो स्वभावच बदलला तर समतेचा पायाच उखडेल, अशी त्यांची भीती. ती आम्हांला अर्धीच पटते. आपल्याकडे 'स्वभाव' आणि 'गुण' यांच्याच नावाने जन्माच्या पायऱ्या रचल्या गेल्या. उलट बाबासाहेब आंबेडकर 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) माणसे असमान असतात हे मान्य करतात, आणि तरीही राज्यकारभाराचे तत्त्व म्हणून समतेचाच आग्रह धरतात. समता निसर्गाने दिलेली नसून आपण घेतलेला निर्णय असेल, तर वाढीव बुद्धीच्या माणसापुढेही तो निर्णय टिकू शकतो. टिकवायचा कोणी, एवढेच ठरायचे आहे.

आजवर ते तुकड्यातुकड्याने ठरत आहे. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई यांनी भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. न्यायालयाने २०१९ च्या अखेरीस त्यांना तीन वर्षांची कैद सुनावली. मुलींचा होकार अर्थातच कोणी घेतला नव्हता. घेताही आला नसता. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतील हालचाली आणि त्यांतून मिळणारी माहिती यांना संविधानाचे संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूची नोंद पुसून टाकण्याचा आदेश एका कंपनीला दिला.

चिलीचे पाऊल आम्हांला मोलाचे वाटते. पण तेथे प्रश्न घेतलेल्या माहितीचा होता. उद्या नोकरीच्या अर्जात स्मरणशक्ती वाढवणाऱ्या उपकरणाचा रकाना येईल, त्यापुढे 'ऐच्छिक' असेही छापलेले असेल. तो रकाना कोरा सोडणाऱ्याला, यदूप्रमाणे, काय भोगावे लागेल?